मक्केची अर्ध्या दिवसाची जियारत: बस डोंगर दाखवते, माणसाने बांधलेले मागेच राहते

उमऱ्याच्या (हजव्यतिरिक्त वर्षात केव्हाही करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेच्या) जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये ‘मक्का जियारत’, म्हणजे मक्केतल्या पवित्र जागांचे दर्शन, ही एक ओळ असते. फजरची (पहाटेची) नमाज आणि नाश्ता झाला की हॉटेलच्या दारातून बस निघते. तीन-चार तासांत जबल-ए-सौर (जबल म्हणजे डोंगर), अराफातचा जबल-ए-रहमत, मस्जिद-ए-नमिरा, मुजदलिफा, मिना, जमरात (हजमध्ये सैतानाला खडे मारायचे खांब), जबल-ए-नूर आणि जन्नतुल मुअल्ला हे कबरस्तान एवढे दाखवून ती जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) आत परत आणून सोडते. काही गाड्या येताना तनईम किंवा जिअरानाला थांबतात, म्हणजे ज्यांना दुसरा उमरा करायचा असेल त्यांना तिथून अहराम (यात्रेचा खास वेश) बांधता येतो. वयस्कर माणसांना एका सकाळी हजचा सगळा परिसर कळावा, एवढ्यापुरती ही सेवा चोख आहे. हज न करता फक्त उमऱ्याला आलेल्यांसाठी तर ती घ्यावीच.

पण मक्केचा इतिहास बघायचा म्हणून कोणी या बसमध्ये बसत असेल, तर तो अर्धाच हाती लागतो. बस डोंगर आणि मैदाने दाखवते. माणसांच्या हातांनी जे बांधले आणि त्यातले जे आजही उभे आहे, तिकडे ती लक्ष वेधत नाही. आणि मक्केत हे उरलेले इतके थोडे आहे की त्यातले एकही वगळणे परवडण्यासारखे नाही.

हे असे का झाले, ते आधी समजून घ्यायला हवे. 2024 मध्ये परदेशातून सुमारे 1 कोटी 69 लाख लोक उमऱ्याला आले. 2030 पर्यंत हा आकडा 3 कोटींवर न्यायचे सौदी सरकारचे उद्दिष्ट आहे. मक्का दरीत वसलेली आहे आणि हरम, म्हणजे काब्याभोवतीची मोठी मस्जिद, त्या दरीच्या तळाशी. जागा वाढवायची तर भोवतालची वस्ती पाडायची किंवा टेकडी फोडायची, तिसरा मार्ग नाही. हरमशेजारच्या अजयादचा 18 व्या शतकातला उस्मानी (ऑटोमन) किल्ला जानेवारी 2002 मध्ये पाडला गेला. तो ज्या टेकडीवर होता ती टेकडीही सपाट झाली. तिथे आज 601 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा उभा आहे. दुसरे कारण श्रद्धेतले आहे. कबर किंवा वास्तू पूजेची जागा होऊ नये, ही तिथल्या उलेमांची (धर्मपंडितांची) ठाम भूमिका आहे. जन्नतुल मुअल्लातले घुमट 1925 च्या सुमारास याच विचाराने काढले गेले. या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, ती माहीत नसेल तर कबरींवर नावे का नाहीत आणि डोंगराच्या पायथ्याला ‘इथे चढणे हा हजचा किंवा उमऱ्याचा भाग नाही’ असे फलक का आहेत, हे कळत नाही. बसमधल्या मार्गदर्शकाने सुरुवातीला एवढे जरी सांगितले, तरी पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

आता थांब्यांविषयी. जबल-ए-सौरला बस पायथ्याशी दहा-पंधरा मिनिटे थांबते. 622 मध्ये हिजरतच्या वेळी, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाताना, पैगंबर मुहंमद (स.) आणि त्यांचे सहकारी हजरत अबू बकर तीन रात्री जिथे राहिले, ती गुहा वर, माथ्याजवळ आहे. चढायला दीड तास किंवा त्याहून जास्त लागतो, त्यामुळे या फेरीत ते शक्यच नाही. खाली उभे राहून दुआ, फोटो आणि पुढे. हा थांबा आहे तसा ठीक. मस्जिद-ए-नमिरा बहुतेक वेळा काचेतूनच दिसते, कारण ती मुख्यतः हजच्या काळात उघडते. मार्गदर्शकाने इथे एक गोष्ट सांगायला हवी आणि चांगले मार्गदर्शक ती सांगतातही: या मस्जिदीचा पुढचा भाग अराफातच्या हद्दीबाहेर, उरना खोऱ्यात येतो. पुढे कधी हजला जाणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती फार मोलाची, कारण अराफातचा मुक्काम हद्दीच्या आतच व्हावा लागतो.

जबल-ए-रहमतवर सगळे वर पांढऱ्या खांबाकडे धावतात. नजर खाली पायथ्याकडे वळवली तर डोंगराला बिलगून जाणारा दगडी पाट दिसतो. ही ऐन-ए-जुबैदा. अब्बासी खलिफा हारून अल-रशीदची बेगम जुबैदा हिने सुमारे 1200 वर्षांपूर्वी नुअमान खोऱ्यातले पाणी अराफात, मुजदलिफामार्गे मक्केकडे आणवले, त्या कालव्याचा हा भाग. बस नेमकी याच्या समोर थांबते आणि शंभरातल्या नव्वद जणांना तो पाट म्हणजे कुंपणाची जुनी भिंत वाटते. शतकानुशतके हाजींची तहान ज्या बांधकामाने भागवली, त्याविषयी ध्वनिवर्धकावरून दोन वाक्येही येत नाहीत, ही या सेवेतली सर्वांत जिव्हारी लागणारी उणीव.

पाट बघताना काय बघावे? सर्वात आधी उतार. पाणी उपसून नाही, केवळ उतारावर वाहत आणले आहे. म्हणून तो डोंगराच्या समान उंचीच्या रेषेवरून वळसे घेत जातो, सरळ जात नाही. मग आतला गिलावा बघावा. जुने काम चुन्याचे असते. अशा कामावर पुढच्या डागडुजीत सिमेंट लागले की नुकसान सुरू होते. चुना उन्हाने थोडा ताणतो, आकसतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंट ताठ राहते आणि ओल अडवते. अडलेल्या ओलीतले क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साठतात, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कुठल्याही जुन्या दगडी बांधकामावर राखाडी ठिगळ आणि त्याच्या कडेने भुगा झालेला दगड दिसला, तर कारण बहुधा हेच. भिंतीवर चढू नये, बसूही नये. वरचे दगड सैल असतात आणि एक निसटला की त्याखालचा गिलावा उघडा पडतो.

मिनात बस जमरातच्या पुलाकडे बोट दाखवून पुढे जाते. जमरात-ए-अकबा या खांबापासून मक्केच्या बाजूला थोड्याच अंतरावर मस्जिद-अल-बैअत आहे, आणि तिथे थांबा नसतो. यस्रिबच्या, म्हणजे आजच्या मदिनेच्या अन्सारांनी (पैगंबरांच्या पाठीराख्यांनी) 621 आणि 622 मध्ये पैगंबरांच्या हाती बैअत (निष्ठेची शपथ) केली ती ही जागा. अब्बासी खलिफा अबू जाफर अल-मन्सूर याने हिजरी 144 मध्ये, म्हणजे इसवी 761 च्या सुमारास, इथे मस्जिद बांधली. लहानशी, साध्या भिंतींची, बरीचशी उघड्या अंगणाची. ती आधी डोंगराच्या आडोशाला होती. जमरातच्या विस्तारासाठी भोवतालचा डोंगर तोडला तेव्हा ती उघड्यावर आली. ज्या विस्ताराने इतर बरेच काही गेले, त्याच विस्ताराने ही नजरेसमोर आणली, आणि तिला हात न लावता रस्ते भोवतीने नेले. शहर वाढत असताना जुने राखता येते, याचा मक्केतला सर्वात स्पष्ट दाखला हाच आहे. कुंपणाबाहेरून बघायला दहा मिनिटे पुरतात. निघण्यापूर्वीच चालकाला नाव सांगून ठेवावे, कारण चुकीच्या फाट्याला गाडी गेली तर मिनाच्या एकेरी रस्त्यांवरून परत यायला बराच वळसा पडतो.

जबल-ए-नूरचा थांबा बहुतेक फेऱ्यांमध्ये शेवटाकडे, दहा-अकराच्या उन्हात येतो, आणि हे नियोजनच चुकीचे आहे. खालून बघायचे असेल तर चालेल, पण गार-ए-हिरापर्यंत, म्हणजे पैगंबरांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला त्या गुहेपर्यंत, जायचे असेल तर ही बस सोडून द्यावी आणि वेगळ्या दिवशी फजरपूर्वी चढायला सुरुवात करावी. डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे 640 मीटर. चढ पाऊण तासापासून दीड तासापर्यंत, आणि पायऱ्यांची उंची सारखी नसल्याने गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. माथ्यावर पोचले की गुहा लगेच मिळत नाही. पलीकडच्या अंगाला थोडे खाली उतरून दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून अंग चोरून जावे लागते. गुहा जेमतेम साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, त्यामुळे आत एका वेळी एक-दोघेच, आणि बाहेर रांग. माणशी किमान एक लिटर पाणी, पकड असलेले बूट, आणि रिकामी बाटली परत खाली आणायची पिशवी. जून 2024 मध्ये मक्केत पारा 50 अंशांवर गेला होता, म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर चढूच नये.

इथल्या कातळांवर यात्रेकरूंनी तैलरंगात नावे लिहिली आहेत. श्रद्धेने लिहिली असतील, पण नुकसान कायमचे आहे. असा रंग वाळूच्या माऱ्याने काढला तर दगडाची शतकांची काळसर साय निघून जाते आणि पांढरट डाग राहतो. द्रावकात भिजवलेला लेप लावून, रंग मऊ करून, हलक्या हाताने काढणे हा बरा उपाय. त्याला एका नावामागे तास जातात, आणि खडबडीत, सच्छिद्र दगडात थोडा रंग उरतोच. बरकत म्हणून खडे आणि माती उचलून नेण्याचेही तसेच. एकाने मूठभर नेले तर फरक पडत नाही, लाखोंनी नेले तर वाटेचा आधारच सुटतो. मार्गदर्शकाने बसमध्ये हे स्पष्ट शब्दांत बजावले पाहिजे.

पायथ्याशी 2023 मध्ये हिरा सांस्कृतिक केंद्र सुरू झाले, सुमारे 67,000 चौरस मीटरचे. वहीच्या (पैगंबरांना आलेल्या ईश्वरी संदेशाच्या) इतिहासावरचे प्रदर्शन आणि 2025 मध्ये उघडलेले कुराण संग्रहालय त्यात आहे. ज्यांना चढणे जमणार नाही त्यांच्यासाठी ही खरी सोय, आणि आत गारवाही आहे. मात्र नीट बघायला दोन तास हवेत. बसच्या वीस मिनिटांत स्वच्छतागृह आणि चहाच होतो. त्यामुळे हे केंद्र फेरीत ‘समाविष्ट’ असल्याचे सांगितले, तर आतल्या प्रदर्शनाचे तिकीट आणि तेवढा वेळ त्यात धरला आहे का, हे विचारून घ्यावे.

बसच्या वाटेवर कधीच न येणारी जागा म्हणजे उम्म-अल-जूदचे दोन्ही हरमांच्या स्थापत्याचे प्रदर्शन. जुन्या जेद्दा रस्त्यावर, काबागृहाचा किस्वा (त्यावर चढवले जाणारे वस्त्र) जिथे विणला जातो त्या कारखान्याशेजारी. हरमच्या विस्तारांमध्ये निघालेल्या बऱ्याच वस्तू इथे आहेत. हिजरी 1240 ची काब्यात चढायची सागवानी शिडी आहे, 7 व्या शतकात मक्केवर राज्य केलेले अब्दुल्ला इब्न जुबैर यांच्या काळातला काब्याचा लाकडी खांब आहे, जमजमच्या विहिरीचा जुना कठडा आहे. इमारत लहान, दीड तासात होते. किस्वा कारखाना आतून बघायला मात्र आधी परवानगी लागते. हरमच्या पश्चिमेला असल्याने अराफातच्या फेरीत ही जागा बसवायचा प्रयत्न करू नये. दुसऱ्या दिवशी असरनंतर (तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर) टॅक्सीने जावे, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळा विचारून घ्याव्यात.

हरमच्या आतही बघण्यासारखे आहे, त्याला बस लागतच नाही. मताफभोवतीच्या, म्हणजे काब्याला फेऱ्या (तवाफ) घालायच्या अंगणाभोवतीच्या, उस्मानी कमानी मुळात 16 व्या शतकातल्या. मताफची क्षमता तासाला 48,000 वरून एक लाखाच्या पुढे नेताना त्या उतरवल्या गेल्या, आणि मग त्यातला काही भाग स्वच्छ करून पुन्हा उभारला गेला. असे काम करताना प्रत्येक दगडावर क्रमांक घालून, मोजमापे आणि छायाचित्रे नोंदवून तो उतरवावा लागतो. नोंद चुकली तर कमानीचा दगड शेजारच्या कमानीत बसत नाही, आणि मग तो तासून बसवण्याचा मोह होतो. पुन्हा उभारलेली कमान म्हणजे मूळ कमान नव्हे हे खरे, पण पाडून टाकण्यापेक्षा कितीतरी बरे. गर्दीच्या काळात तळमजल्यावर पुरुषांना अहरामशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे तवाफ झाल्यावर कडेला उभे राहून, कोणाच्या वाटेत न येता, खांब आणि लहान घुमट तेव्हाच बघून घ्यावेत. नाहीतर वरच्या मजल्यावरून.

हरमच्या पूर्वेच्या प्रांगणापलीकडे मक्का ग्रंथालयाची साधी इमारत आहे. पैगंबरांचा जन्म या जागी झाला असे परंपरा मानते. 1950 च्या दशकात इथे ग्रंथालय झाले, आणि जागा वाचली ती त्यामुळेच. आत सहसा जाता येत नाही. इथे नमाज किंवा दुआ करू नये असे सांगणारा फलक असतो, तो पाळावा. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदिजांच्या घराच्या जागेचे 1989 मध्ये वास्तुविशारद सामी अंगावी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, नोंदी झाल्या आणि ती बुजवली गेली. तिथे आज बघायला काहीही नाही. जो कोणी पैसे घेऊन ‘घर दाखवतो’ म्हणेल, त्याच्यामागे जाऊ नये.

गट आठ-दहा जणांचा असेल तर ठरावीक बसऐवजी चालकासह मोठी गाडी पाच तासांसाठी घ्यावी. भाडे रियालमध्ये, थांबण्याच्या वेळेसह, आधीच ठरवावे. क्रम उलटा लावावा: पहिल्यांदा जबल-ए-नूर आणि हिरा केंद्राचा बाहेरचा भाग, मग अराफातला ऐन-ए-जुबैदापाशी निवांत अर्धा तास, परतताना मुजदलिफामार्गे मिना आणि मस्जिद-अल-बैअत, शेवटी जन्नतुल मुअल्ला. सौर वगळले तरी चालेल. दक्षिणेकडचा तो वळसा वाचला की बैअतच्या मस्जिदीला आणि जुबैदाच्या पाटाला वेळ निघतो. चालक बहुधा उर्दू बोलणारे असतात. त्यांना ‘नहर-ए-जुबैदा’ आणि ‘मस्जिद-ए-अकबा’ ही नावेही चटकन कळतात.