पोलो जीटी टीडीआय आणि ताम्हिणी: वळणांवर गाडी सुधारताना गेलेले चौदा महिने

आमच्या घरात गाडीच्या हँडलिंगचं, म्हणजे वळणांवर ती किती काबूत राहते याचं, मोजमाप आईकडे आहे. तिला गाडी लागते. पुण्याहून मंडणगडला निघालो की मुळशीचं पाणी दिसेपर्यंत ती गप्पा मारते, मग आलेपाकाची वडी तोंडात टाकते आणि ताम्हिणीची उतरण लागली की गप्प होते. पुढे कितव्या वळणावर ती पिशवी मागते, यावर त्या दिवशीचा निकाल ठरतो.

गाडी २०१५ ची पोलो जीटी टीडीआय. दीड लिटर डिझेल, १०५ पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), पाच गिअर. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं, त्यानंतर वर्षभराने मी ती सेकंड हँड घेतली. तेव्हा ७१ हजार किलोमीटर झाले होते, आज ९४ हजार आहेत. चाकणला बनलेली गाडी, आयुष्य सगळं पुण्यात आणि कोकणाच्या रस्त्यावर. सरळ रस्त्यावर ती घेतल्याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही. वळणावर मात्र पहिल्याच फेरीत झाला.

नेमकं काय व्हायचं ते सांगतो, कारण ‘हँडलिंग चांगलं नाही’ या वाक्यावर पैसे खर्च केले की ते हमखास चुकीच्या जागी जातात. डावं वळण, तिसरा गिअर, बेताचा वेग. स्टिअरिंग वळवलं की आधी काहीच व्हायचं नाही, मग गाडी एकदम उजवीकडे कलायची आणि नाक वळणाच्या बाहेर सरकायचं. मग आणखी स्टिअरिंग, मग थोडं कमी, मग परत आणखी. वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आतलं पुढचं चाक जागेवरच फिरायचं. यात नवल काही नाही. डिझेल इंजिनाचं वजन नाकात, तीच चाकं वळवणार आणि तीच ओढणार, आणि टॉर्क १५०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात सगळा एकदम हजर. टायरच्या पकडीचा साठा एकच असतो. तो वळण्यात खर्च झाला की ओढायला उरत नाही.

पहिलं काम टायरचं. नक्षी चांगली दिसत होती, म्हणून आधीच्या मालकाने बदलले नव्हते. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर १७१६ होतं, म्हणजे २०१६ चा सतरावा आठवडा. रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं. कुठलाही सुटा भाग विकत घेण्याआधी हे चार आकडे वाचा, फुकट आहे.

मूळ माप १८५/६० आर१५. मी १९५/५५ आर१५ घेतले. हिशेब असा की मूळ चाकाचा व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर आणि नव्याचा ५९५ च्या आसपास, म्हणजे सव्वा टक्क्याने कमी. स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवतो, गाडी चार मिलिमीटर खाली बसते, रिम तेच राहतं. टायरची भिंत चार मिलिमीटरने बुटकी होते, त्यामुळे स्टिअरिंग वळवल्यावर ती आधी मुडपून मग वळण्याचा प्रकार कमी होतो. भार पेलण्याचा क्रमांक ८४ वरून ८५ झाला, म्हणजे तिथेही तडजोड नाही. सोळा इंची रिमचा मोह झाला होता. पण पौड रस्त्यावरचे खड्डे आठवले आणि मोह गेला.

हवेचा दाब टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो, तिथून सुरुवात करावी. मी खडूचा उपाय केला. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी जिथे संपते तिथून भिंतीकडे, खडूच्या तीन-चार रेघा मारायच्या, ओळखीची आठ-दहा वळणं घ्यायची आणि उतरून बघायचं. खडू भिंतीवरही पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा वाढवा. खांद्यापर्यंतही पुसला गेला नाही तर हवा जास्त आहे. पुढे ३४ आणि मागे ३२ पीएसआय, थंड टायरवर, इथे माझं जमलं. पंपावरचा मुलगा दर वेळी नायट्रोजन भरू का विचारतो. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो, पण हा वाद पेट्रोल पंपावर घालण्यासारखा नाही.

टायरने फरक मोठा पडला, विशेषतः पावसात. पण आईची पिशवी त्याच वळणावर निघाली, किंबहुना एक वळण आधी. कारण उघड होतं. पकड वाढली म्हणून माझा वेग वाढला, आणि कलणं तेवढंच राहिलं.

मग बुश, म्हणजे चाकांच्या सांध्यांमधलं रबर. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा खर्च. ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित डावीकडे बघायची आणि स्पीडब्रेकरवर कट-कट आवाज यायचा. मेस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशात पहार घालून हलवून दाखवली आणि म्हणाले, “साहेब, हे रबर नाही, हा बुरशी आलेला पाव आहे.” दोन्ही बाजूचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रटची (स्प्रिंग आणि तिची उसळी आवरणारा शॉकअब यांच्या जोडखांबाची) वरची माउंटिंग बेअरिंगसकट बदलली. पॉलियुरेथेनचे बुश लावायचा विचार होता. मेस्त्रींनी मोडता घातला, आणि बरं केलं. ते टिकतात, पण कडक म्हणून चावतात, आणि कोरडे पडले की कुरकुरतात. रोजच्या गाडीला नवं रबर पुरतं.

यानंतरचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवणं, हा वेगळा तमाशा. पहिल्या दुकानात पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसताच पोराने गाडी खाली घेतली. हिरवं म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, एवढंच. डावं चाक मर्यादेच्या एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असलं तरी पडदा हिरवाच राहतो. दुसऱ्या दुकानात मी बाजूला उभा राहिलो. या गाडीत पुढचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलता येतो. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा तिरकेपणा, जवळपास ठरलेला असतो, फार तर सबफ्रेम (आर्म धरणारी खालची चौकट) सैल करून दोन बाजूंमधला फरक वाटून घेता येतो. मागच्या टॉर्शन बीमला, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या तुळईला, हात लावायला जागाच नाही. चालकाच्या सीटवर मला बसवून पुढचा टो शून्यावर आणला. टो बाहेरच्या बाजूला नेला तर गाडी वळणात आणखी चटकन शिरते म्हणतात ते खरं, पण एक्स्प्रेसवेवर सतत स्टिअरिंग धरून बसावं लागतं आणि टायरची आतली कड झिजते.

या कामानंतरची फेरी मला लक्षात आहे. गाडी तेवढीच कलत होती, पण आईने पिशवी विळ्याजवळ, घाट संपता संपता मागितली. बऱ्याच विचारानंतर कळलं की तिला त्रास कलण्याचा कमी आणि माझ्या दुरुस्त्यांचा जास्त होता. ढिल्या बुशांमुळे एका वळणात मी चार वेळा स्टिअरिंग हलवत होतो. आता एकदाच वळवायचं आणि धरून ठेवायचं.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. मी गाडी पस्तीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग आणल्या.

दिसायला गाडी झकास झाली. सोसायटीत दोन पोरांनी फोटो काढले. रस्त्यावर मात्र पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटचं गणित बिघडलं. गाडी खाली आली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे कलवणारी तरफ कमी होण्याऐवजी लांब होते. ते लपवायला स्प्रिंग कडक करावी लागते. आणि मी त्या कडक, आखूड स्प्रिंग ७१ हजारांहून जास्त किलोमीटर खाल्लेल्या जुन्या शॉकअबवर बसवल्या होत्या. वळणात मधेच उंचवटा आला की गाडी उडी मारून एक पाऊल बाहेर पडायची. मे महिन्यात परतताना डिकीत आंब्याच्या पाच पेट्या, तांदळाचं अर्धं पोतं आणि चाळीस नारळ. मागची चाकं सबंध घाटभर बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यांवर, आदळत होती. आईची पिशवी त्या खेपेला जातानाच, पौडला, घाटाच्या कितीतरी आधी निघाली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, “अरे, हे तू पैसे देऊन करून घेतलंस?”

पाच आठवड्यांत स्प्रिंग काढल्या. विकणाऱ्याने परत घेतल्या नाहीत. माळ्यावर आहेत.

मूळ स्प्रिंग परत आल्या आणि सोबत नवे शॉक. इथे एक गोष्ट नीट बघावी लागते. बिल्स्टाइन कंपनीचे बी६ शॉक हे मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतात आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी, त्यांचा दांडा आखूड असतो. नाव मोठं म्हणून बी८ आणून उंच स्प्रिंगवर चढवणारे मी पाहिलेत. मी बी६ घेतले. एका नळीचे, गॅसच्या दाबाचे. शहरात बारीक खडबड थोडी जास्त कळते, हे कबूल करायला हवं. पण मोठा खड्डा एका झटक्यात संपतो, गाडी त्यानंतर डोलत बसत नाही. वळणात शिरतानाही कलणं सावकाश येतं आणि एका जागी स्थिर होतं. शेवटी कलते किती, तर जवळपास पूर्वीएवढीच. कलण्याची मर्यादा स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा) ठरवतात. तिथवर किती वेगाने पोचायचं, ते शॉकच्या हातात असतं. हा फरक मला पुस्तकातून कळला नव्हता, ताम्हिणीत कळला.

शेवटचं काम मागच्या अँटी-रोल बारचं. टॉर्शन बीमच्या दोन हातांच्या मध्ये हा जाड दांडा बोल्टने बसतो, कापाकापी नाही, पाऊण तासाचं काम. तो मागचा भाग कलायला कडक करतो. त्यामुळे वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारं जादा वजन मागच्या जोडीला जास्त आणि पुढच्या जोडीला कमी पेलावं लागतं. पुढच्या टायरना श्वास मिळतो आणि नाक बाहेर पळणं कमी होतं. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मी एकटाच गाडीत हसत होतो. तीच गाडी, तेच टायर, पण वळणाच्या मध्यावर आता मागून कुणीतरी हळूच ढकलून मदत करतंय असं वाटतं. यू वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं, मागून येणाऱ्या मित्राने पाहिलं. घाबरायचं कारण नाही. ओढायचं काम त्या चाकाकडे नसतंच.

पण याची दुसरी बाजू पावसात दिसते. जुलैमध्ये ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरलेले असताना वळणात मी अचानक ॲक्सिलरेटर सोडला आणि मागचा भाग अर्धा हात बाहेर आला. पूर्वी हीच चूक गाडी पोटात घालायची, आता दाखवते. पाय एकदम उचलायचा नाही, ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत संपवायचा आणि सोडताना हळूहळू सोडायचा, हे हाडीमाशी भिनलेलं नसेल तर बार लावू नका. मागचे टायर पुढच्यांपेक्षा झिजलेले असतील तर अजिबातच नको.

बॉनेटखाली दोन स्ट्रटची वरची टोकं जोडणारा लाल रंगाचा बारही मित्राकडून आणून महिनाभर लावला होता. बॉनेट उघडल्यावर छान दिसतो. याहून जास्त लिहिण्यासारखं त्याच्याबद्दल काही नाही. ब्रेकमध्ये फक्त ऑइल बदललं, दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं, आणि उतरणीला दुसरा-तिसरा गिअर ठेवतो.

खर्चाचं म्हणाल तर शॉक सगळ्यात महाग, त्याखालोखाल टायर. बुश आणि अलाइनमेंट मिळून टायरच्या निम्म्याहून कमी. क्रम मात्र खर्चाच्या उलट ठेवा. बुश आणि अलाइनमेंट आधी, मग टायर, मग एखादा महिना गाडी चालवा. अर्ध्या लोकांना तिथेच पुरे वाटेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांबाबत कडक आहे, म्हणून काहीही जादा बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मी मागच्या अँटी-रोल बारबद्दल ईमेल केला आहे.

गेल्या खेपेला आई माणगावपर्यंत झोपली होती. मी तिला अभिमानाने शॉकबद्दल सांगायला गेलो, तर म्हणाली, “शॉक कसले? तू आता माणसासारखी चालवतोस.” तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण शॉकच्या बिलाची रक्कम तिला अजून सांगितलेली नाही.

बारचे बोल्ट दर पाच हजार किलोमीटरला घट्ट करून घेतो. पुढच्या टायरची नक्षी सध्या साडेचार मिलिमीटर आहे. कायद्याने १.६ पर्यंत चालते, पण ताम्हिणीच्या पावसात तीनच्या खाली मी जाणार नाही. म्हणजे येत्या जूनच्या आधी मोजपट्टी घेऊन पुन्हा खाली वाकायचं आहे.