"बोर्ड गयुं छे, बेन": दुरुस्तीला लॅपटॉप नेऊन मी काय काय गमावलं

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. घरी बसून सहा छोट्या दुकानांचे हिशेब टॅली ह्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये लिहिते, आणि जीएसटी आल्यापासून त्यांची रिटर्नंही भरते. माझ्या बाबतीत जे झालं ते लिहायला मला बरेच महिने लागले. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी मुलीचा बंद पडलेला लॅपटॉप पिशवीत घालून निघाल्या होत्या, त्यांना जिन्यातच थांबवून मी सगळं सांगितलं. तेव्हा वाटलं, हे लिहूनच ठेवावं.

जुलै २०२५ ची १७ तारीख. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, घरात भिंतींनाही ओल आली होती. सकाळी लॅपटॉपचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा जोरात फिरला, आणि स्क्रीन काळीच राहिली. पाच-सहा वेळा बंद करून चालू केला, तरी तेच.

हे काम करणाऱ्यांना २० तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. ३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, वेळेत गेलं नाही तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, वर व्याज वेगळं. माझी चार रिटर्नं बाकी होती. बॅकअप होता तो मार्चअखेरचा, पेन ड्राइव्हवर. एप्रिल ते जूनच्या सगळ्या नोंदी त्या बंद लॅपटॉपमध्ये होत्या. लॅपटॉप घेऊन दुरुस्तीचं दुकान गाठलं आणि आत पाय ठेवल्या ठेवल्या दुकानदाराला म्हणाले, "भाई, वीस तारीखनुं काम छे, कंई पण करो." आता कळतं, माझं पहिलं चुकलं ते इथेच. मला किती घाई आहे हे मी त्याला आपणहून सांगून टाकलं.

लॅपटॉप २०१७ चा होता, त्यातला इंटेलचा प्रोसेसर आय-फाइव्ह, सातव्या पिढीचा. २०२१ मध्ये माझ्या भाच्याने त्याची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवली आणि ४ जीबीची आणखी एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, घातली, तेव्हापासून तो छान चालत होता. बिजागरी सैल झाली होती आणि बॅटरी जेमतेम तासभर टिकायची, हे खरं. त्यामुळे ह्यावर आणखी खर्च करायचा की नवा घ्यायचा, हा विचार वर्षभर डोक्यात होताच. विचारात चूक नव्हती. पण जो दुरुस्तीही करतो आणि विकतोही, त्याच्याच काउंटरवर उभी राहून मी तो प्रश्न त्याला विचारला.

त्याने लॅपटॉप पडद्यामागे नेला. मी बाहेर काचेच्या काउंटरपाशी उभी. आत रबर बँडने बांधलेले चार्जर आणि एकावर एक रचलेले जुने कीबोर्ड होते. दहा मिनिटांत तो बाहेर आला आणि अगदी हळहळून म्हणाला, "बोर्ड गयुं छे, बेन." म्हणजे लॅपटॉपचा मुख्य बोर्ड, मदरबोर्ड, गेला. दुरुस्तीचे ९,५०० रुपये, सहा दिवस, आणि गॅरंटी नाही. मग म्हणाला, "आमां पैसा ना नाखो. विन्डोज टेन ऑक्टोबरमां बंद थाय छे, आमां इलेव्हन चालशे ज नहीं." म्हणजे, ह्यात पैसे घालू नका, विंडोज टेन ऑक्टोबरात बंद होतंय आणि ह्यावर इलेव्हन चालणारच नाही.

ह्यातलं विंडोजचं बोलणं अर्धं खरं होतं, आणि त्यामुळेच माझा उरलेल्या बोलण्यावरही विश्वास बसला. विंडोज इलेव्हनला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, माझा सातव्या पिढीचा. विंडोज टेनची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, हेही खरं. पण अपडेट थांबली म्हणून मशीन बंद पडत नाही. नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. म्हणजे माझ्यापाशी निवांत विचार करायला वर्षाहून जास्त वेळ होता. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

मग त्याने काउंटरखालून एक काळा लॅपटॉप काढला. बँकेतून निघालेला आहे, आठवी जनरेशन, १६ जीबी रॅम, वर तसा स्टिकरही चिकटवलेला. २६,००० रुपये. माझा मेलेला लॅपटॉप तो ३,००० ला घेणार, म्हणजे २३,०००. पैकी १५,००० मी यूपीआयने दिले आणि ८,००० रोख, कारण पक्कं बिल केलं तर जीएसटी वर लागेल म्हणाला. मी, जी रोज दुसऱ्यांची बिलं तपासते, ती वहीच्या चिठ्ठीवर मांडलेला हिशेब घेऊन घरी आले. ह्याची मला अजून लाज वाटते. डेटा नव्यात टाकून हवा होता, म्हणून दुसऱ्या एका चिठ्ठीवर माझा लॅपटॉप उघडायचा पिन लिहून दिला. संध्याकाळी फोल्डर सगळे नव्यात आले, २० च्या आत चारही रिटर्नं गेली, आणि देवासारखा माणूस भेटला असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा.

आठवडाभरात तो काळा लॅपटॉप तापायला लागला. चार्जर काढला की पाऊण तासात बंद. पुण्याहून भाच्याने व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, "मावशी, टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्सवर जा, आणि जे दिसतंय ते मला वाचून दाखव." मी वाचलं. मेमरी ८ जीबी. प्रोसेसर आय-फाइव्ह ६३००यू. तो गप्प झाला. मग त्याने समजावलं की त्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी. आठव्या पिढीचा असता तर तिथे ८२५० किंवा ८३५० असं काही दिसलं असतं. म्हणजे "इलेव्हन चालणार नाही" म्हणून माझ्याकडून सातव्या पिढीचा काढून घेतला आणि सहाव्या पिढीचा गळ्यात मारला. त्यावर इलेव्हन चालत होतं ते तपासणी चुकवून बसवलेलं.

भाच्याने आणखी दोन गोष्टी करायला लावल्या. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर उरलेली क्षमता, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. त्या काळ्या लॅपटॉपमधली निम्म्याच्याही खाली होती. डिस्क किती तास चालली आहे तेही क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रामने कळतं. ह्या सगळ्याला मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. पैसे देण्याआधी काउंटरवरच ती दहा मिनिटं मी घेतली असती तर!

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मालक नव्हता. एक पोरगा बसून कुणाचं तरी बिल करत होता, आणि त्याच्यासमोर माझा लॅपटॉप उघडा होता. आधी बॅकस्पेसच्या बटणाकडे माझं लक्ष गेलं. त्यावर मी कधीतरी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, बोट चुकू नये म्हणून. मग स्क्रीनकडे पाहिलं. डाव्या बाजूला माझे फोल्डर होते, मी लावलेल्या क्रमाने: तेलाचं दुकान, शिंपीकाका, हार्डवेअर, खाली मेडिकल. पोटात गोळा आला. पैशांचं मी त्या क्षणी विसरले. सहा घरांचे पॅन नंबर, बँकेचे उतारे, ब्राउझरमध्ये साठवलेले जीएसटी पोर्टलचे पासवर्ड, सगळं त्या पोरापुढे उघडं पडलं होतं.

मी विचारलं, हा तर बिघडला होता ना? त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, "ए तो बीजे दिवसे ज चालु थई गयुं'तुं, बेन. खाली रॅम साफ करी'ती." म्हणजे, तो तर दुसऱ्याच दिवशी चालू झाला होता, फक्त रॅम साफ केली होती.

खाली रॅम साफ करी'ती. रॅमच्या पट्टीला एका कडेला सोनेरी दाते असतात. दमट हवेत त्यांच्यावर थर धरतो किंवा पट्टी खाचेत जराशी हलते, आणि मग नेमकं हेच होतं: दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. पट्टी काढून दाते पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसायचे, चुरा झटकायचा, पुन्हा दाबून बसवायची. बोर्ड खरंच जातो तेव्हाही स्क्रीन काळीच राहते, म्हणून नुसत्या लक्षणावरून कुणीही बोर्ड गेला म्हणू शकतं आणि आपल्याला ते खोडता येत नाही. त्यामुळे दुकान गाठायच्या आधी घरी एवढं करून बघा. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. टीव्हीला एचडीएमआयची वायर जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे, गडबड स्क्रीनची किंवा तिला जोडणाऱ्या वायरच्या पट्ट्याची आहे. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो का किंवा बीप वाजतात का, ते मोजून ठेवा. बऱ्याच कंपन्या बिघाड कुठे आहे ते अशा खुणेनेच सांगतात.

मालक आला तेव्हा आधी हसला, मग आवाज चढवला. विकलेला माल परत नाही, शिवाय तुम्ही तुमचा लॅपटॉप मला विकलात, मी त्याचं काहीही करीन. मी घरी येऊन १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे तक्रार नोंदवून नंबर मिळाला. त्या निमित्ताने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचला. त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. "माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी बघून आपण मुकाट मागे फिरतो, ते फिरू नका. जिल्हा आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. तक्रार गेल्यावर त्याने तडजोड केली: काळा लॅपटॉप परत, माझा मला परत, आणि यूपीआयचे १५,००० परत. ८,००० रोख दिले होते, ते त्याने घेतलेच नाहीत म्हणाला. माझ्याकडे काय पुरावा होता? वहीचा कागद, त्यावर ना दुकानाचं नाव ना सही. लॅपटॉप परत आला तेव्हा आत ४ जीबीची एकच पट्टी होती. दुसरी खराब होती म्हणून फेकली, म्हणाला. दुकानात देण्याआधी आतल्या वस्तूंचे फोटो आणि सिरियल नंबर मी घेऊन ठेवले नव्हते, त्यामुळे त्यावरही मला बोलता आलं नाही.

भाचा गणपतीत आला, त्याने नवी पट्टी बसवली आणि विंडोज टेनच्या वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवून दिलं. एसएसडी कशी काढायची तेही शिकवलं, आमच्या लॅपटॉपला ती एका छोट्या स्क्रूवर बसलेली आहे. आता काहीही बिघडलं तरी आधी ती डिस्क घरी काढून ठेवायची आणि मगच लॅपटॉप बाहेर द्यायचा, हे मी ठरवलंय. बोर्ड, स्क्रीन, चार्जिंगची पिन, ह्यातलं काहीही तपासायला दुरुस्तीवाल्याला माझा डेटा लागत नाही. आणि बोर्ड गेला असं कुणी सांगितलंच, तर तपासणीचे पैसे देऊन लॅपटॉप उचलायचा आणि जो जुने लॅपटॉप विकत नाही अशा दुसऱ्या कारागिराला दाखवायचा. विकत घ्यायचाच झाला तर तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दुकानातून.

पासवर्ड मी त्याच रात्री बदलले, सहाही दुकानांचे. पण झालं ते लपवून ठेवणं मनाला पटेना. म्हणून पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांकडे स्वतः गेले आणि तुमची कागदपत्रं दहा-बारा दिवस परक्या माणसाच्या हातात होती, असं तोंडावर सांगितलं. शिंपीकाकांनी चहा मागवला. तेलाच्या दुकानातल्या काकूंनी, ताई, तुम्ही सांगितलंत हेच खूप, म्हणून हात धरला. हार्डवेअरवाल्या भाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या फायली परत मागितल्या. त्यांचं काम मी २०१३ पासून करत होते.