स्क्रोलचं ॲनिमेशन: ब्राउझरचं की जीसॅपचं?

समजा, पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपची साइट करायची आहे. पान खाली सरकवलं की आतकरवाडीपासून सिंहगडाच्या पुणे दरवाजापर्यंतची वाट रेघेने वर चढली पाहिजे, मागचा डोंगर जरा हळू सरकला पाहिजे, आणि ट्रेकच्या यादीतला फोटो दाबला की तोच मोठा होत पुढचं पान उघडलं पाहिजे. हे ब्राउझरमधल्या नव्या सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) करायचं की जीसॅप ही ॲनिमेशनची तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी आणायची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. डोंगर आणि फोटो बिनधास्त ब्राउझरवर सोडा. वाटेचं मात्र तसं नाही.

डोंगराला फक्त ट्रान्सफॉर्म (जागा सरकवणारी सीएसएसची सूचना) लागतो, आणि ॲनिमेशन कशाच्या तालावर चालायचं ते ठरवणाऱ्या ‘ॲनिमेशन-टाइमलाइन’ला स्क्रोल जोडला की ते काम ब्राउझर मुख्य थ्रेडच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट चालते त्या रांगेच्या, बाहेर करू शकतो. बुकिंगच्या फॉर्मची जावास्क्रिप्ट तिकडे हाशहुश करत असली तरी डोंगर अडखळत नाही. जीसॅपचं स्क्रोलट्रिगर हे स्क्रोलला ॲनिमेशन जोडणारं प्लगइन त्याच मुख्य थ्रेडवर चालतं, त्यामुळे स्वस्तातल्या अँड्रॉइडवर फरक जाणवू शकतो. एक खाचखळगा आहे: ‘ॲनिमेशन’ची एका ओळीतली घोषणा टाइमलाइन पुसून पुन्हा ‘ऑटो’ करते. म्हणून टाइमलाइनची ओळ तिच्या खालीच लिहायची. वर लिहिली तर स्क्रोलसोबत काहीच हलत नाही आणि एररही येत नाही.

वाटेच्या बाबतीत ‘सीएसएस म्हणजे वेगवान’ हे खरं धरून चालू नका. एसव्हीजीची (कोडमधून काढलेल्या चित्राची) रेघ ‘स्ट्रोक-डॅशऑफसेट’ या सूचनेने हळूहळू काढली की ती दर फ्रेमला नव्याने रंगवावी लागते, मग ॲनिमेशन कोणाचंही असो. खरा फरक बदल करताना कळतो. ‘मधल्या टप्प्यावर रेघ थांबू दे, तिथे ताकाची पाटी येऊ दे, मग पुढे जाऊ दे,’ असं क्लायंट म्हणाला (आणि तो म्हणणारच), की सीएसएसच्या कीफ्रेममधले (ॲनिमेशनच्या टप्प्यांमधले) सगळे टक्के नव्याने मांडत बसा. जीसॅपच्या टाइमलाइनमध्ये मध्येच एक ओळ घुसवली की काम झालं.

शिवाय कोणाकडे कुठला फोन आहे तेही बघावं लागतं. स्क्रोलवरचं ॲनिमेशन क्रोममध्ये जुलै २०२३ ला, ११५ व्या आवृत्तीत आलं; सफारीत थेट २०२५ च्या २६ व्या आवृत्तीत. फायरफॉक्स त्यांच्याही मागे राहिला. भारतात आयफोनवरचा क्रोमसुद्धा आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतो, तेव्हा जुना आयओएस असलेल्या क्लायंटला ‘क्रोममध्ये उघडून बघा’ सांगून सुटका नाही. ‘@सपोर्ट्स’ची (ब्राउझरला सोय असेल तरच लागू होणारी) अट घातली तर त्याला रेघ आधीपासून पूर्ण दिसेल. ट्रेकरला तेवढं पुरतं, पण त्या रेघेचेच पैसे मोजणाऱ्याला नाही पुरत.

जीसॅपला लागणाऱ्या पैशांचा जुना मुद्दा आता निकालात निघाला. वेबफ्लो या साइट बनवायचं साधन पुरवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये जीसॅप विकत घेतलं आणि २०२५ मध्ये पूर्वी पैसे पडायचे ते प्लगइनही फुकट केले.

फोटोचं काम सगळ्यात सोपं. दोन्ही पानांच्या सीएसएसमध्ये व्ह्यू ट्रान्झिशनचा (एका पानावरून दुसऱ्यावर जातानाच्या ॲनिमेशनचा) नियम टाका आणि फोटोला दोन्हीकडे एकच ‘व्ह्यू-ट्रान्झिशन-नेम’ द्या. पाने एकाच साइटवरची हवीत. यादीतल्या दोन फोटोंना चुकून तेच नाव पडलं तर ब्राउझर ट्रान्झिशन सोडून देतो आणि पान साधं उघडतं. ज्या ब्राउझरला ही सोय नाही तिथेही तसंच, म्हणून यात जोखीम जवळजवळ नाही.