पावसाळाभर बंद ठेवलेली मारुती ८०० आणि फॉगिंग ऑइल: साडेचार महिन्यांनंतरचा अनुभव

गुहागरजवळ आमच्या गावी बाबांची ९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. आम्ही पुण्यात, त्यामुळे जूनपासून दिवाळीपर्यंत गाडी पडवीत उभी. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे लोखंडाचं काय घेऊन बसलात.

गेल्या वर्षी शेजारच्या काकांना किल्ली देऊन ठेवलेली, आठवड्याला पाच मिनिटं चालू करा म्हणून. त्यांनी नेमाने केलं, पण ऑगस्टमध्ये बॅटरी उतरली आणि गाडी तशीच राहिली. ऑक्टोबरात गेलो तर इंजिन जाम. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट थर. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं, पाच मिनिटांत ते कुठलं तापायला, म्हणजे दर आठवड्याला आम्हीच आत पाणी सोडत होतो. मेकॅनिकने प्लग काढून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) मिसळून ओतलं, चार दिवस मुरू दिलं आणि क्रँक पुलीला (इंजिन फिरवणाऱ्या बाहेरच्या चाकाला) पाना लावून जरा पुढे जरा मागे करत सोडवलं. स्टार्टर अजिबात मारू दिला नाही. तरी मधल्या सिलिंडरला गंजाची रेघ राहिलीच.

म्हणून यंदा बोटींच्या इंजिनसाठी मिळतं ते फॉगिंग ऑइल आणलं, म्हणजे बंद ठेवायच्या इंजिनच्या आत गंजापासून वाचवणारा तेलाचा थर सोडणारा स्प्रे. आधी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणली, गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात. मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरमध्ये स्प्रे मारत राहिलो, धूर धूर होऊन ते बंद पडेपर्यंत. नंतर तिन्ही प्लग काढून आत थोडा थोडा स्प्रे, पान्याने दोन फेरे, प्लग परत. एअर फिल्टरचं तोंड आणि सायलेन्सर प्लास्टिक बांधून बंद केलं, कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच आणि दमट हवा तिथूनच शिरते. दोन्हीकडे सिलिका जेलच्या पुरचुंड्या, बॅटरी काढून घरात. स्टिअरिंगला लाल फडकं बांधलं, कोणी चुकून चालू करू नये म्हणून. निळं जेल ओल शोषून गुलाबी झालं की वहिनी फोटो पाठवायची आणि जुन्या तव्यावर भाजून परत ठेवायची (स्वयंपाकाचा तवा नको हं, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं). जुलैत तर दहा दिवसांत गुलाबी!

ऑक्टोबरअखेर उघडलं. फोनला जोडायचा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला, भिंतींवर तेलाचा पातळ थर जसाच्या तसा, होनिंगच्या (सिलिंडर बनवताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेघा स्वच्छ. पाना हलक्या हाताने फिरला. नवीन प्लग टाकून चौथ्या स्टार्टला चालू, दहा मिनिटं निळसर धूर आणि मग नेहमीसारखी.

तक्रारी पण आहेत. कॅनची नळी आखूड, आत नीट पोचत नाही, वेगळी नळी जोडावी लागली. जुने प्लग तेलाने भरून गेले. आणि हे फक्त इंजिनच्या आतलं बघतं, सायलेन्सरला मागच्या बाजूने भोक पडलंच, तो बदलावा लागला. कूलंट मात्र मे महिन्यातच बदललेलं, आधी नुसतं विहिरीचं पाणी होतं, रेडिएटरमधून विटकरी पाणी निघालेलं, यंदा हिरवं स्वच्छ.

मधल्या सिलिंडरची जुनी रेघ कॅमेऱ्यात मुद्दाम शोधली. तेवढीच आहे, वाढलेली नाही. बाबांना फोटो दाखवला तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.