क्वेकर व्हायचं, की नुसतं जाऊन बसायचं?

दुसऱ्या धर्मात वाढलेल्या माणसाच्या कानावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाबद्दल पहिल्यांदा येतं ते साधारण असं: पुरोहित नाही, बाप्तिस्मा नाही, सगळे तासभर गप्प बसतात. ऐकून काहींना वाटतं, अरे, हे तर आपल्यालाच शोभणारं! पण जगातले बहुसंख्य क्वेकर असे बसत नाहीत. सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत. तिथे १९०२ साली अमेरिकन मिशनरी काइमोसीला पोचले आणि त्यांनी जी उपासना रुजवली तिच्यात पास्टर आहे, भजनं आहेत, बायबलवर प्रवचन आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की तुमच्या जवळची मीटिंग, म्हणजे क्वेकरांची उपासनेला जमणारी मंडळी, कुठल्या घराण्यातली? मौनाच्या, की प्रवचनाच्या?

या दोन घराण्यांचं भांडण जुनं आहे. इंग्लंडमध्ये १६५२च्या सुमारास पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स सांगत होता की प्रत्येक माणसात देवाचं काहीतरी आहे आणि ते ऐकायला मध्यस्थ लागत नाही. मग या आतल्या प्रकाशाचा शब्द मोठा, की बायबलचा? या नि अशाच प्रश्नांवर १८२७ साली फिलाडेल्फियात उभी फूट पडली. पुढे १८८७च्या रिचमंड जाहीरनाम्याने ख्रिस्ताचं देवत्व आणि माणसांच्या पापांसाठी त्याने केलेलं प्रायश्चित्त ठामपणे मांडलं. प्रवचनवाल्या मीटिंगा बहुतेक याच वळणाच्या. तिथे तुमचं स्वागत होईल, पण पाहुणा म्हणून. मला स्वतःला त्यांचा हा सरळपणा आवडतो. निदान आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

मौनाच्या मीटिंगमध्ये ते लवकर कळत नाही. तिथे एक जण उठून येशूबद्दल बोलेल, दुसरी बुद्धाबद्दल, आणि तिसऱ्याचा देवावर मुळात विश्वासच नसेल. याला आधुनिक सैलपणा म्हणणारे आहेत. मला ते अर्धंच पटतं. ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्या माणसापर्यंत हा प्रकाश पोचतो, असं क्वेकर धर्मशास्त्री रॉबर्ट बार्कले सतराव्या शतकातच मांडत होता. त्याच्याही आधी, १६५८ साली, मेरी फिशर नावाची क्वेकर बाई एदिर्नेला जाऊन ऑटोमन सुलतान चौथ्या मेहमदला भेटली. एकेकाळची मोलकरीण ती, पण सुलतानाने तिचं आदराने ऐकून घेतलं. अर्थात या दोघांच्या लेखी तो प्रकाश ख्रिस्ताचाच होता. आज मौनात बसणाऱ्या सगळ्यांच्या लेखी तो तसा नसतो.

ध्यानाची सवय असलेल्यांना एक सांगतो. हे ध्यान नव्हे. इथे सगळे मिळून वाट पाहतात, आणि आतून रेटा आला तर कुणीही उठून बोलतं. तुमची छान लागलेली तंद्री शेजारचा माणूस मोडणार. त्याचा राग येणार असेल तर घरीच बसलेलं बरं.

मग सदस्य व्हायचं, की 'अटेंडर' राहायचं? अटेंडर म्हणून वर्षानुवर्षं येता येतं, आपला धर्म सोडा असं कुणी म्हणत नाही. सदस्यत्वासाठी ब्रिटनमध्ये परंपरेने क्लार्कला, म्हणजे मीटिंगचं कामकाज सांभाळणाऱ्या सदस्याला, पत्र लिहितात, मग सहसा दोघं येऊन निवांत बोलतात. आपला पहिला धर्म सांभाळून सदस्य झालेली माणसं आहेत. मात्र सगळ्याच मीटिंगा याला सारख्या राजी नसतात. ते आधीच विचारून घ्यावं.

माझ्या मते खरी कसोटी श्रद्धेची नाहीच, कामकाजाच्या सभेची आहे. तिथे मतदान होत नाही. सभेचा कल ओळखून क्लार्क ठराव मांडतो आणि एकाचीही गंभीर हरकत असली तर विषय लांबतो. किती? अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला १६८८ साली. गुलाम बाळगणाऱ्यांना फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने बाहेरचा रस्ता दाखवला १७७६ साली. मधली कित्येक वर्षं जॉन वूलमन हा क्वेकर गुलाममालकांच्या घरी जाऊन त्यांना समजावत फिरला, आणि तो १७७२ साली वारला. इतकी सबुरी आपल्यात आहे का, हे ज्याचं त्यानेच बघावं.

दुसरी अडचण युद्धाची. जानेवारी १६६१मध्ये दुसऱ्या चार्ल्सला दिलेल्या जाहीरनाम्यात क्वेकरांनी शस्त्र नाकारलं. १९४७चं शांततेचं नोबेल त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना मिळालं ते युद्धग्रस्तांसाठी केलेल्या कामाबद्दल. तुमचा धर्म न्याय्य युद्ध मानत असेल, तर मौनात बसताना काही अडणार नाही. सदस्यत्वाच्या गप्पांत मात्र हा विषय तुम्ही स्वतःच काढावा.

जायचं ठरलंच तर एका खेपेवर मत बनवू नका. काही मीटिंगांत तासभर कुणी चकार शब्द काढत नाही, काहींत चौघं बोलतात. तीन-चार खेपा झाल्या की क्लार्कला विचारून कामकाजाच्या सभेलाही बसा.