बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी : पदवी हातात आल्यानंतरचे ११ महिने आणि सगळा हिशोब

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या गल्लीत दोनच प्रश्न असतात. नीटला किती पडले? आणि कमी पडले असतील तर, आता काय? त्या ‘आता काय’चं उत्तर म्हणून मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राला, गेले होते. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागून ११ महिने झाले. त्यातले शेवटचे सहा महिने मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या मायक्रो लॅबमध्ये काम करतेय. सध्या ज्यांच्या घरी हीच चर्चा चालू असेल त्यांच्यासाठी आकडे उघडे करून लिहिते, कारण मला त्या वेळी कोणी असे सांगितले नव्हते.

आमचं घर असं : पप्पा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. पगार आठवड्याचा आठवड्याला. आई घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई घेते, नगावर पैसे. अशा घरात ‘बघू, शिकून ठेव’ असं काही नसतं. पैसा कुठे गेला आणि परत कधी येणार, हे विचारलंच जातं. आणि ते विचारायलाच हवं.

तर खर्च. अनुदानित कॉलेज होतं. तीन वर्षांची फी, परीक्षा शुल्क, एप्रन, जर्नलं, स्लाइड बॉक्स, बसचा पास, असं सगळं धरून माझे ४१ हजार गेले. महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती आली ती यात धरलेली नाही, कारण ती फार उशिरा आली आणि तोवर आईने भिशी उचलून भागवलं होतं. ४१ हजार. एवढीच या पदवीची किंमत.

पण आमच्या घरी कोणालाही विचारा, ‘पोरीच्या शिक्षणाला दोन लाख गेले’ असंच उत्तर मिळेल. ते खोटं नाही. त्यातले १ लाख ४५ हजार बारावीनंतर लातूरला नीट रिपीट करण्यात गेले. क्लास ८५ हजार, खोली आणि मेस मिळून १० महिन्यांचे ६० हजार. म्हणजे मेडिकलला न लागण्याचा खर्च पदवीच्या साडेतीनपट झाला. पुढे सगळ्यांनी दोन्ही रकमा एकाच खात्यावर मांडल्या आणि ‘बी.एस्सी.त पैसा घालून काय मिळालं?’ असं विचारायला लागले. मीही दोन वर्षं तसंच मोजत होते. हे दोन हिशोब वेगळे ठेवा. नाहीतर तुम्ही चुकीच्या वस्तूला महाग म्हणाल.

खरी महाग गोष्ट वेगळीच आहे. ही पदवी स्वस्तात मिळते, पण ती वापरात आणायला पुढे जी दोनेक वर्षं लागतात, ती महाग पडतात. त्यांची तरतूद पहिल्या दिवसापासून करावी लागते.

निकालानंतर मी पहिलं काम धरलं ते एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. महिना ७ हजार. वाटलं होतं, मायक्रोबायोलॉजी शिकलोय, कल्चर वगैरे बघायला मिळेल. पण टेक्निशियनच्या जागेला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका, लागतं आणि रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचीच असते. माझ्या वाट्याला आलं काय, तर पेशंटची नावं लिहिणं, बारकोड चिकटवणं, फोन घेणं आणि संध्याकाळी डब्यातून सॅम्पल पोचवणं. चार महिन्यांत एकदाही मायक्रोस्कोपला डोळा लावला नाही. ‘पुढच्या महिन्यात बेंचवर घेऊ’ असं दर महिन्याला सांगायचे. दिवाळीनंतर मी सोडलं. तिथल्या माणसांवर माझा राग नाही, पण ज्या कामाला वेगळी पदविका लागते तिथे पदवी घेऊन उभं राहायचं नसतं, हे मला दुसऱ्या वर्षातच कळायला हवं होतं. कॉलेजात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कंपनीची मुलाखत मात्र मला शब्दशः आठवते. आधी तोंडी प्रश्न झाले. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) वापरलंय का? नाही, चित्रात पाहिलंय. व्हॅलिडेशन म्हणजे काय? नीट सांगता आलं नाही. इंग्रजीत अडखळले. मनात म्हटलं, झालं, बस पकडून घरी. मग त्या साहेबांनी एक स्लाइड आणि कल्चरची ट्यूब पुढे केली, म्हणाले, ग्रॅम स्टेनिंग करून दाखवा. म्हणजे जिवाणूंना रंग देऊन ते जांभळ्या गटातले की गुलाबी, हे ओळखायचं.

आमच्या मॅडमनी दुसऱ्या वर्षी हे एकच प्रॅक्टिकल आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं होतं की मुली कंटाळायच्या. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवायचं. आयोडीन एक मिनिट, धुवायचं. आणि मग अल्कोहोल. सगळी गंमत तिथे आहे. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडायचं आणि खालून उतरणारा जांभळा रंग थांबला की त्याच क्षणी पाणी मारायचं. दोन सेकंद जास्त झाले तर जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू नंतरचा सॅफ्रॅनिनचा रंग घेऊन गुलाबी दिसतात, आणि तुम्ही चक्क चुकीचं उत्तर लिहून मोकळे होता. ‘घड्याळाकडं बघू नको गं, थेंबाकडं बघ,’ असं मॅडम म्हणायच्या. मी थेंबाकडे बघितलं. साहेबांनी मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली स्लाइड बघितली, काहीच बोलले नाहीत आणि विचारलं, कधीपासून येऊ शकता?

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास तेवढे पैसे, तेही कधी सहा महिन्यांनी. एम.एस्सी., प्राध्यापक व्हायला लागणारी सेट परीक्षा, सगळं झालेलं. जीवशास्त्राच्या पदवीतून पुढे काय, याचा तो दुसरा चेहरा रोज आमच्यासमोर उभा असायचा. माझी नोकरी त्यांच्या हाताने लागली, असं मी मानते.

आता नोकरीचं. ट्रेनी म्हणून १४ हजार, कापून हातात १२,६००. कंपनीची बस आहे, दुपारचं जेवण तिथेच. काम म्हणजे प्लांटमधल्या शुद्ध पाण्याचे नमुने रोज घ्यायचे, आर-टू-ए आगर या जंतू वाढवायच्या माध्यमावर लावायचे, ३० ते ३५ अंशांवर पाच दिवस ठेवायचे आणि उगवलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या. मर्यादा मिलिलिटरला १००. त्याशिवाय ऑटोक्लेव्ह (वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं, मीडिया म्हणजे ते माध्यम तयार करणं, खोल्यांत प्लेट उघड्या ठेवून हवेतले जंतू बघणं. आणि लिहिणं. अर्धा दिवस लिहिण्यात जातो. चूक झाली तर खोडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. मला हे काम आवडतं. सकाळी इनक्युबेटर उघडला की छातीत अजून धडधड होते, आज काय उगवलं असेल म्हणून.

आवडतं म्हणून आकडा लपवत नाही. माझा चुलत भाऊ दहावीनंतर आयटीआय करून फिटर झाला. माझ्या आधी चार वर्षं कमावतोय आणि आज त्याचा पगार माझ्यापेक्षा ५ हजारांनी जास्त आहे. फक्त लवकर चार पैसे हवेत तर तो रस्ता सरळ आहे. पुण्यातून मला २१ हजारांची विचारणा आली होती. पप्पांनी आणि मी बसून हिशोब केला. खोली, मेस, हुतात्मा एक्स्प्रेसने महिन्यातून एक फेरी. उरत होतं जवळपास इथल्याएवढंच. मी राहिले.

पैशात न मावणारी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मामाची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगाने दोन हंगाम बाग वाया घालवली होती. फळावर तेलकट काळे डाग, मग फळ तडकायचं. दुकानदार देईल ते बुरशीनाशक मामा मारत होता. तिसऱ्या वर्षी मी डागाचं पान कॉलेजात आणलं, डागाच्या कडेचा बारीक तुकडा कापून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवला. मायक्रोस्कोपखाली त्या कापातून धुरासारखा लोट बाहेर पडताना दिसला. सगळे जिवाणू. तेल्या करणारे झँथोमोनास. बुरशी नव्हतीच, मग बुरशीनाशकाने काय होणार! केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे मामाला घेऊन गेले. त्यांनी पावसाळी बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरायला सांगितलं, रोगट फांद्या छाटून जाळायला, कात्री दर झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायला, आणि मोरचूद-चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायला. ते सगळं केल्यावर बाग पूर्ण सुधारली असं नाही, पण त्या वर्षी मामाचा माल मार्केटला गेला. तोवर मामाला वाटायचं, भाची डॉक्टर व्हायची राहिली. आता बागेत काही दिसलं की आधी मला फोटो पाठवतो.

माझ्या बॅचमधल्या इतरांचं थोडक्यात. एक बी.एड. करतेय, दोन वर्षं, मग टेट परीक्षा, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघणं. एक डाळिंबाच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे, पगार माझ्याएवढाच. दोघी एम.एस्सी.ला आहेत आणि सीएसआयआर-नेटचा अभ्यास करतात. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात. संशोधनात जायचं असेल तर हा आकडा पाठ असू द्या, कारण आपल्यासारख्या घरातल्या मुलीला घरच्यांचा पैसा न घेता पीएच.डी. करायची ती एक मोठी वाट आहे. पण तिच्याआधी एम.एस्सी.ची दोन वर्षं येतात. तीच ती महाग वर्षं. मुलींचं लग्न काढतात तेही याच वर्षांत, हे कुठल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. माझ्याकडे दोन स्थळं येऊन गेली. पप्पांनी परत पाठवली, त्यांचे उपकार कसे फेडू?

माझं पुढचं ठरलंय. पगारातले महिना ६ हजार वेगळे टाकतेय आणि पुढच्या वर्षी आपल्याच विद्यापीठात एम.एस्सी.ला अर्ज करणार आहे. सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली झालं, म्हणून घरी राहून, पुणे रस्त्यावरच्या बसने जाऊन हे करता येतं. आईच्या काळी त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागायचं.

पदवीला पाचपैकी साडेतीन देते. दीड गुण कापले ते अभ्यासक्रम आणि इथल्या कामाची गाठ न पडल्याबद्दल. तीन वर्षांत आम्हाला एकदाही कुठल्या प्लांटची लॅब दाखवली नाही, आणि ती कंपनी कॉलेजपासून तासाभरावर आहे.

शेजारच्या काकूंची मुलगी यंदा बारावी झाली. काल दोघी आल्या होत्या, कुठलं कॉलेज घेऊ म्हणून. नाव मी नाही सांगितलं. प्रवेशाआधी लॅब बघायला मागा, म्हटलं. एका मायक्रोस्कोपमागे किती मुली, ऑटोक्लेव्ह चालू आहे की कोपऱ्यात धूळ खातोय, आणि प्लेट मुली स्वतः ओततात की तयार मिळतात, एवढं विचारा. काकू म्हणाल्या, आम्हाला कोण आत सोडणार? शनिवारी मला सुट्टी आहे. मीच घेऊन जाणार आहे दोघींना.