धोबी तलावचे बूट दुरुस्त करणारे काका

महाविद्यालयाच्या संघातून मी खो-खो खेळते आणि 400 मीटरही धावते. सकाळी मैदान, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी ट्रॅक असा दिवस असल्यामुळे वर्षाला तीन-चार जोड फाटतात. प्रत्येक वेळी नवा जोड घेणे घरच्या खर्चात बसत नाही. म्हणून मुंबईत धोबी तलावला, क्रीडासाहित्याच्या दुकानांजवळ पदपथावर बसणाऱ्या एका कारागिरांकडे मी गेली दोन वर्षे बूट देते आहे.

त्यांची खरी हातोटी अशी की बूट हातात घेताच तो कोणत्या खेळात झिजला हे ते ओळखतात. खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूचा सगळा भार चवड्यावर असतो आणि ‘खो’ मिळताच ती चवड्याच्या रेट्यानेच उसळते, म्हणून तळ तिथेच दुमडून चिरतो. खांबावर सूर मारणाऱ्यांचा बूट मात्र अंगठ्यापाशी घासून उघडा पडतो. मॅटवर पकड जास्त असल्याने शिवण मातीपेक्षा लवकर उसवते. जानेवारी 2025 मध्ये प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी दिल्लीत जिंकलेला पहिला विश्वचषक मॅटवरच झाला होता, आणि आमचेही काही सामने आता मॅटवर होतात. काकांनी माझ्या बुटाच्या अंगठ्यावर आतून कातड्याचा तुकडा लावून मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाका घातला. त्याचे 180 रुपये पडले आणि तो जोड पुढचा सगळा हंगाम टिकला.

स्पाइक्सच्या, म्हणजे तळाला टोकदार पिना असलेल्या धावण्याच्या बुटांच्या बाबतीतही त्यांचा हात तितकाच जपून चालतो. पावसाळ्यात माझ्या बुटातल्या दोन पिना गंजून अडकल्या होत्या आणि एका मोठ्या दुकानाने जोड टाकून द्यायला सांगितला होता. काकांनी पिनांवर तेल सोडले, अर्धा तास थांबले आणि मग त्या पकडीने फिरवून काढल्या. आट्यांना जराही धक्का लागला नाही. नव्या पिना बसवताना त्यांनी लांबी मोजून घेतली, कारण सिंथेटिक ट्रॅकवर साधारणपणे 9 मिलिमीटरपेक्षा लांब पिना चालत नाहीत. स्पाइक्सची तळपट्टीच तडकली असेल तर मात्र ते काम घेत नाहीत आणि तसे स्पष्ट सांगतात, हे मला फार मोलाचे वाटते.

उणीव एवढीच की ते रविवारी बसत नाहीत आणि गोंद सुकण्यासाठी पूर्ण एक दिवस मागतात, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी जाऊन उपयोग नाही.